एकटीची कनू ट्रिप : ५ दिवस, ४ मुक्काम आणि कापलेला रूट

२० जुलै
आतापर्यंत तीन कनू (वल्ह्याने चालवायची लांबट, उघडी होडी) ट्रिप झाल्यात, तिन्ही वेळा मी पुढच्या सीटवर. मागे बसणारा माणूस दिशा सांभाळतो, पुढच्याने नुसतं वल्हवायचं असतं, हे मला पूर्ण माहीत होतं तरी तीन ट्रिपनंतर वाटायला लागलं की आपल्याला येतं. म्हणून एकटीने जायचं ठरवलं. रूट गोल आहे, तळ्यांची साखळी, ४६ किलोमीटर, ७ पोर्टेज (एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना मधे जमीन आली की होडी आणि सामान अंगावर वाहून न्यायचं, त्याला पोर्टेज म्हणतात). रस्ता नाही, मोबाईलला रेंज नाही, अस्वलं आहेत.

१:५०,००० च्या नकाशावर दोरा टाकून अंतर मोजलं. २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, सोपं आहे. ४६ भागिले ५ म्हणजे रोज सव्वानऊ किलोमीटर, ताशी ४ किलोमीटरने सव्वादोन-अडीच तास. वर लिहिलंय, "दुपारनंतर वाचन". हे गणित मुद्दाम खोडत नाहीये, पुढे कामाला येईल.

२ ऑगस्ट
ओळखीतल्या एकाची जुनी प्लॅस्टिकची १६ फुटी कनू मिळाली, ३३ किलो, दोन सीटांची. मागच्या सीटवर बसले आणि पहिला अर्धा तास नुसत्या गोल गोल फिरले. उजवीकडे वल्हवलं की होडी डावीकडे वळते, मग बाजू बदलायची, मग उलटं. पुढचं टोक हवेत अर्धा फूट वर, वाऱ्याची झुळूक आली की होडी दरवाज्यासारखी फिरायची.

दोन गोष्टींनी फरक पडला. एक म्हणजे पुढच्या सीटवर उलटं तोंड करून बसायचं, म्हणजे होडीचं मागचं टोक आपलं पुढचं होतं आणि आपण मधल्या भागाच्या जास्त जवळ येतो. ही होडी दोन्ही टोकांना सारखी आहे म्हणून चालतं. दुसरी म्हणजे जे-स्ट्रोक. वल्हं मागे आणून संपवताना वरच्या हाताचा अंगठा खाली वळवायचा आणि पातं होडीपासून जरा बाहेर ढकलायचं, की दिशा सरळ होते. मी आधी अंगठा वर ठेवून वल्ह्याचं सुकाणू करत होते, त्याने पण होडी सरळ जाते पण दर वेळी ब्रेक लागतो. चार तासांत साधारण दहातले सहा स्ट्रोक बरे पडायला लागले. गुडघ्यांवर बसल्यावर होडी खूप स्थिर वाटते, पण वीस मिनिटांत पाय बधिर झाले. जाड फोम घेतला पाहिजे.

होडी समतोल आहे की नाही बघायला सगळ्यात स्वस्त उपाय : तळाशी कपभर पाणी ओतायचं. ते जिकडे वाहत जाईल तो भाग जड.

९ ऑगस्ट
आज मुद्दाम उलटी केली. पाणी कोमट होतं, काठावर दोघं जण लक्ष ठेवून, अंगात लाईफ जॅकेट. पाण्यातून एकटीने परत होडीत चढायचे चार प्रयत्न केले, चारही फसले. उलटी होडी सरळ करता येते, पण तोपर्यंत तिच्यात काठोकाठ पाणी भरलेलं असतं आणि आपण वर चढायला गेलो की ती परत लोळते. दुसरी होडी बाजूला असेल तर आपली तिच्यावर आडवी ओढून पाणी काढता येतं, एकटीला तो मार्ग नाही.

मग पाचव्यांदा चढायचा नाद सोडला आणि दोरी धरून होडी ओढत काठाकडे पोहले. ५० मीटरला ९ मिनिटं लागली. एरवी हा आकडा वाचून सोडून दिला असता, पण थंड पाण्याचा जो १-१०-१ चा हिशोब असतो तो आठवला : पहिलं १ मिनिट दम लागतो आणि श्वास ताब्यात ठेवायचा, मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला तासभर. म्हणजे थंड पाण्यात बुडणारा माणूस बहुतेक वेळा गारठून मरायच्या आधीच हात चालेनासे झाल्यामुळे जातो. माझ्याकडे १० मिनिटं आणि ती ५० मीटरना पुरतात. वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं : काठापासून ५० मीटरच्या बाहेर जायचं नाही.

अजून एक. शिट्टी, काडेपेटी आणि सॅटेलाईट मेसेंजर (रेंज नसताना उपग्रहातून मेसेज पाठवणारं मशीन) बॅगेत नाही तर लाईफ जॅकेटच्या खिशात. होडी आणि मी वेगळ्या झालो तर बॅग होडीबरोबर जाणार.

१७ ऑगस्ट
सामान वजनकाट्यावर ठेवलं. ४१ किलो!! खुर्ची, दुसरा स्टोव्ह, तीन पुस्तकं, कुऱ्हाड, सगळ्या प्रकारच्या हवामानाचे कपडे. एवढं घेऊन एक फेरी शक्यच नाही. काढत काढत २९ वर आणलं. कुऱ्हाडीऐवजी घडीची करवत, पुस्तक एक. सामान दोन बॅगांत, तिसरी पिशवी नाही. सुट्या वस्तू म्हणजे वल्ही, बाटली, नकाशा, पाणी उपसायचा डबा, यांच्यासाठी काहीतरी करायला हवं असं लिहून ठेवलं आणि केलं काहीच नाही.

होडी खांद्यावर घ्यायचा सराव मैदानात. आधी मांडीवर ओढून घ्यायची, लांबची कड धरायची, मग गुडघ्याचा धक्का देऊन डोक्यावरून फिरवून मधला आडवा दांडा खांद्यांवर. हाताच्या ताकदीने उचलायला गेले म्हणून पहिल्या दोन वेळा पाठीत कळ आली, मांडीच्या धक्क्याने घेतल्यावर ३३ किलो असूनही गेली वर. ती खाली ठेवणं जास्त अवघड आहे, दमल्यावर सगळे आपटतात, मी पण आपटली.

२९ ऑगस्ट
जेवण दिवसावार पिशव्यांत, प्रत्येक पिशवीवर दिवस लिहिलेला, एका दिवसाचं जास्तीचं. सगळं पाणी उकळून ओतलं की होणारं. दादाला ट्रिप प्लॅन दिला : रूट, मुक्कामाच्या जागा, टेंटचा आणि होडीचा रंग, कोणत्या दिवशी बाहेर येणार. दादा म्हणाला, "रोज रात्री मेसेज करशील ना?" मी म्हटलं हो. विषय तिथेच संपला. एवढ्याशा संवादात किती मोठं भोक राहिलं होतं ते तिसऱ्या दिवशी कळलं.

४ सप्टेंबर, दिवस १
ट्रिपसाठी हलकी केव्हलारची (हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याची) होडी भाड्याने ठरवली होती, २० किलो. पोर्टेजचा विचार करून हा खर्च केला आणि तो सगळ्यात मोठा खर्च होता, टेंटपेक्षा जास्त. सकाळी ताब्यात घेतली आणि बघते तर सीट खोलगट, ढुंगणाच्या आकाराची. उलटं बसायचं तर बसताच येत नाही, वर होडीचा आकारही दोन्ही टोकांना सारखा नाही, मागचा भाग वेगळा. म्हणजे महिनाभर ज्या बसण्याचा सराव केला तो इथे उपयोगाचा नाही. चूक सरळ माझी, बुकिंग करताना वजन विचारलं, सीट विचारली नाही. सराव ज्या होडीवर कराल तीच ट्रिपला घ्या, किंवा जी ट्रिपला घेणार तीच एक दिवस आधी पाण्यात घालून बघा.

आठला निघायचं होतं, निघाले ११.२० ला. मागच्या सीटवर बसले, सगळं सामान पुढे. तरी टोक वरच, कारण मी ५८ किलो अगदी शेवटाला आणि समोर २९ किलो. पहिल्या तळ्यावर समोरून वारा. हलकं टोक वाऱ्याला लागलं की होडी मागे तोंड करून फिरायची. जड टोक वाऱ्याकडे राहतं आणि हलकं टोक वाऱ्याबरोबर जातं, हे हवेतल्या बाणासारखंच आहे, पण हे कळणं वेगळं आणि वल्ह्याने त्याच्याशी तासभर भांडणं वेगळं. ३ किलोमीटरला दोन तास. मधे होडीत गुडघ्यांवर सरकत पुढे, दांड्याच्या मागे येऊन बसले तेव्हा कुठे जमलं, पण होडी मधे रुंद आहे, वल्हं पाण्यापर्यंत पोचवायला वाकावं लागतं, खांदा भरून आला.

पहिलं पोर्टेज, ६४० मीटर. नकाशात बघून वीस मिनिटं धरली होती. आता खरा हिशोब बघा : एका फेरीत होडी, दुसऱ्या फेरीत सामान, मधे रिकाम्या हाताने परत, म्हणजे तीनदा चालणं, १९२० मीटर, दगड, मुळं आणि एका ठिकाणी घोट्यापर्यंत चिखल. माझ्या तर दोन बॅगा होत्या, दोन्ही एकदम उचलायला गेले (एक पाठीवर, एक पोटावर), पायाखालचं काही दिसेना, शंभर पावलांत एक ठेवून दिली. सगळं पलीकडे पोचलं आणि जास्तीचं वल्हं सुरुवातीच्या टोकाला झाडाला टेकवलेलं राहिलं. परत. एकूण १ तास ३५ मिनिटं.

मुक्कामाला ६.४५ ला पोचले, दिवसभरात ६ किलोमीटर. टेंट लावेपर्यंत अंधार. त्याच्या आधी एक काम मात्र केलं, वर बघितलं : टेंटवर वाकलेलं सुकं झाड किंवा लटकलेली फांदी नाही ना. मग जेवणाची बॅग झाडाला टांगणं. साधारण ४ मीटर उंच आणि खोडापासून २ मीटर दूर असं सांगतात. दोरीला दगड बांधून फेकला, दगड फांदीला गुंडाळला, ओढला तर सुटून माझ्या पायाजवळ पडला, डोक्यावर पडला असता तर ही नोंद नसती. पन्नास मिनिटं. दिवसाउजेडी, जेवण शिजवायच्या आधी, पोचल्या पोचल्या दोरी टाकून ठेवा, आणि दगड उघडा न बांधता छोट्या पिशवीत घालून फेका, म्हणजे अडकत नाही.

जेवले नाही, सुका मेवा खाऊन झोपले. रात्री टेंटबाहेर काहीतरी प्रचंड मोठं चालत होतं, मी शिट्टी हातात घेऊन पंधरा मिनिटं ताठ बसून होते.

५ सप्टेंबर, दिवस २
प्रचंड मोठं म्हणजे उंदीर. लाईफ जॅकेट टेंटच्या बाहेर दोरीवर वाळत होतं, खिशात काल उरलेला मेवा, त्याने खिसा कुरतडून खाल्ला. हसू आलं पण नंतर अंगावर काटा, कारण त्याच वासाला अस्वल आलं असतं. जेवणाची बॅग टांगण्यात पन्नास मिनिटं घालवायची आणि मेवा अंगाजवळ विसरायचा! आता खिसे उलटे करून बघणं हा रोजचा नियम, टूथपेस्टसुद्धा टांगलेल्या बॅगेत.

आज होडीचा प्रश्न सुटला. नाश्ता करताना रिकामी २० लिटरची ड्राय बॅग (पाणी आत न जाणारी पिशवी) समोर पडलेली दिसली. तळ्याचं पाणी भरलं, तोंड घट्ट गुंडाळलं, आणि अगदी पुढच्या टोकात ठेवली. २० किलो, फुकट, आणि पोर्टेजला पोचलं की ओतून द्यायची. दगड पण चालले असते पण दगड हलतात, केव्हलारला ओरखडे पडतात, आणि होडी भरली तर दगड तिला अजून खाली ओढतात, पाण्याची बॅग पाण्यात तरंगल्यासारखीच राहते. कपभर पाणी तळाशी ओतून बघितलं, मागे पण जाईना पुढे पण जाईना, मधेच थबकलं. पहिल्यांदा होडी मी म्हणेन तिकडे गेली. काल हे सुचलं असतं तर दोन तास वाचले असते.

सुट्या वस्तूंचंही केलं. दोन्ही वल्ही होडीच्या आत कड आणि आडव्या दांड्यांना लवचीक दोरीने बांधायची, बाटली आणि उपसायचा डबा बॅगेला हुकने. उतरल्यावर एक नियम, सगळं सामान एकाच जागी ठेवायचं, झाडाला काही टेकवायचं नाही, आणि निघताना मागे वळून बघायचं. दोन पोर्टेज झाली, ३८० आणि ४५० मीटर, पहिलं पन्नास मिनिटांत आणि दुसरं पंचावन्न. सामान पहिल्या फेरीत नेते आता, होडी शेवटी, कारण पहिल्या फेरीत वाट कळते आणि डोक्यावर होडी असताना पुढचं फक्त दहा फूट दिसतं.

११ किलोमीटर. मुक्काम मोठ्या तळ्याच्या काठावर, चारला पोचले, दोरी आधी टाकली. टार्प (वर छतासारखी ताणायची ताडपत्री) लावला, एका बाजूला ताण देता येईल अशा गाठीने, म्हणजे भिजून सैल झालं की परत ओढता येतं. बरं केलं, कारण साडेसातला ढग आले. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजत होते, ३० च्या आत यायला लागल्यावर एकट्या उंच झाडापासून आणि पाण्यापासून दूर, सारख्या उंचीच्या लहान झाडांमधे फोमवर उकिडवी बसले. शेवटच्या गडगडाटानंतर अजून अर्धा तास. या सगळ्यात रात्रीचा मेसेज दाट झाडांखालून पाठवला आणि गेला असं समजून मशीन बंद केलं.

६ सप्टेंबर, दिवस ३
या दिवसाबद्दल लिहायचा कंटाळा येतोय म्हणजे नीट लिहिलं पाहिजे.

सकाळी उठायला उशीर, सगळं ओलं, आवरून निघायला ११.४०. समोर मोठं तळं, सरळ पार केलं तर २.३ किलोमीटर, काठाकाठाने ६. वारा वाढत होता, मधे कुठे कुठे लाटांची टोकं पांढरी दिसत होती. डोक्यात एकच : १७ किलोमीटर झालेत, अजून २९ राहिलेत, ४ पोर्टेज, तीन दिवस, सहा किलोमीटर फिरून गेले तर आजचा मुक्काम चुकतो. वहीत मोठ्या अक्षरात ५० मीटर लिहिलंय ते आठवत होतं. आठवत असूनही सरळ निघाले.

काठाजवळ लाटा एवढ्याशा होत्या, कारण वारा माझ्या मागच्या जंगलावरून येत होता आणि काठ आडोशाला होता. वारा जितक्या लांब उघड्या पाण्यावरून येतो तितकी लाट मोठी, त्यामुळे निघताना जे दिसतं ते मधलं पाणी नसतंच. ६०० मीटर गेल्यावर मागून येणाऱ्या लाटा होडीला उचलून पुढे ढकलायला लागल्या, वर मी अजून पाण्याची बॅग पुढेच ठेवलेली! काल समोरच्या वाऱ्याला पुढचं टोक जड हवं होतं, आज मागच्या वाऱ्याला उलटं हवं, जड टोक मागे. पुढचं टोक लाटेत घुसून अडायचं आणि मागचं टोक वाऱ्याने फिरायचं. एका लाटेने होडी आडवी केली आणि कडेवरून पाणी आत आलं, दोन-तीन बादल्या तरी असेल. भांड्याचं झाकण सुटं होतं, तरंगत गेलं.

गुडघ्यांवर बसले, गुडघे एकमेकांपासून लांब करून दोन्ही बाजूंना दाबले, वल्हं पाण्यावर सपाट टेकवून तोल धरला. दोन लाटांमधे जी सपाट जागा मिळाली तिच्यात तीन मोठे स्ट्रोक मारून होडी वाऱ्याकडे वळवली, आणि आता तीच पुढची बॅग कामाला आली, टोक वाऱ्याकडे धरून राहिलं. परत यायला ४० मिनिटं, एक स्ट्रोक चुकवायची सोय नाही. सकाळी थर्मामीटरने पाणी १३ डिग्री होतं.

काठावर आल्यावर हात थरथरत होते, थंडीने नाही. कपडे बदलले, चहा केला, आणि टेंट त्याच जागी परत लावला. दुपारी एक ते सात वारा पडला नाही. ते एक पुस्तक पूर्ण वाचून झालं, म्हणजे "दुपारनंतर वाचन" हे तेवढं प्लॅनप्रमाणे झालं.

संध्याकाळी उघड्या खडकावर मेसेंजर सुरू केला तर दादाचे चार मेसेज. कालचा माझा गेलाच नव्हता. त्याने रात्रभर जागून नकाशा बघितला होता आणि सकाळी बचाव पथकाला फोन करायचा की नाही यावर घरात वाद चालू होता. कारण "मेसेज आला नाही तर काय" हे आम्ही ठरवलंच नव्हतं. तिथेच बसून ठरवलं : मेसेज न येणं म्हणजे संकट नाही, मशीन बिघडू शकतं. संकट असेल तर एसओएसचं बटण. आणि बाहेर पडायच्या ठरलेल्या वेळेनंतर २४ तास झाले तरी काही कळलं नाही तरच फोन करायचा. त्याचं उत्तर आलं, "हे आधी सांगायचं होतंस बाई." पुढच्या वेळी हे कागदावर लिहून त्याच्या फ्रीजवर चिकटवणार आहे.

रूट कापला. उरलेली मोठी गोल फेरी सोडायची, तळ्याच्या पलीकडच्या टोकाला एक ओढा निघतो तो धरून सुरुवातीच्या तळ्याजवळ उतरायचं. १४ किलोमीटर, २ पोर्टेज. वाईट वाटलं का, हो, तासभर.

७ सप्टेंबर, दिवस ४
चारला उठले, ५.२० ला पाण्यात. तळं आरशासारखं. इतकं शांत की सरळ पार केलं असतं तर अर्ध्या-पाऊण तासात पलीकडे, आणि मोह झालाच. काठाकाठाने गेले. ६ किलोमीटर, १ तास ४० मिनिटं. शेवटचा एक किलोमीटर असताना पाण्यावर पहिल्या सुरकुत्या आल्या, नऊ वाजता मागे वळून बघितलं तर मधे परत पांढरं. वारा बहुतेक दिवशी ऊन वर आलं की सुरू होतो आणि संध्याकाळी पडतो, त्यामुळे मोठं पाणी सकाळीच उरकायचं आणि दुपार लहान ओढ्यांना आणि पोर्टेजना ठेवायची. अंतर किलोमीटरमधे मोजून दिवस आखायचा हा माझा प्रकारच चुकला होता, घड्याळ आणि वारा बघून आखायला हवा होता.

ओढ्यात बीव्हरचा (फांद्या रचून पाणी अडवणारा प्राणी) बांध. नकाशात नाही, अर्थातच. बांधावर उतरून होडी ओढून पलीकडे घ्यायची, जमिनीवर वाहून नेण्यापेक्षा सोपं वाटलं, आणि दुसऱ्याच पावलाला फांद्यांमधे पाय गेला, कमरेपर्यंत पाण्यात. पायाचा घोटा मुरगळता मुरगळता थोडक्यात वाचला. एकटी असताना मुरगळलेला पाय म्हणजे काय हे तिथे चिखलात उभं राहून नीट समजलं, २० किलोची होडी आणि २९ किलो सामान आणि एक पाय. त्यानंतर वल्हं आधी टेकवून तळ बघायचा, मगच वजन टाकायचं. पुढे ५२० मीटरचं पोर्टेज, हळू, सव्वा तास.

पाण्याच्या फिल्टरने पण आज मान टाकली. ओढ्याचं पाणी चहाच्या रंगाचं आणि गाळाचं, लिटरभर गाळायला वीस मिनिटं. उलट्या बाजूने स्वच्छ पाणी दाबून धुतला तेव्हा थोडा सुटला. मग पाणी भांड्यात तासभर ठेवून वरचं निवळलेलं घेतलं आणि उकळलं, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं, २००० मीटरच्या वर असाल तर तीन. झाकण तळ्यात गेल्यामुळे गॅस जास्त लागतोय हे इथे लक्षात आलं. सपाट दगड ठेवून बघितला, भांडं कलंडलं, तो उपाय कोणी करू नका.

९ किलोमीटर. दुपारी दोनलाच मुक्काम केला. आज पहिल्यांदा नुसतं बसले, काही न करता.

८ सप्टेंबर, दिवस ५
५ किलोमीटर, एक पोर्टेज, २१० मीटर. आता होडी एका धक्क्यात खांद्यावर जाते, आणि उतरवताना पण आपटली नाही. ११ ला बाहेर, दादाला मेसेज, गेल्याची खूण येईपर्यंत उघड्यावर उभी राहिले.

होडी परत करताना तळाला दोन लांब ओरखडे निघाले, बांधावरून ओढल्याचे. डिपॉझिट कापलं. केव्हलारच्या होडीत पाण्यातच चढायचं आणि पाण्यातच उतरायचं, होडी काठावर ओढायची नाही, हे सही करताना वाचलं होतं.

१३ सप्टेंबर
सामान उघडून वाळवलं आणि परत वजन केलं. न वापरलेलं वेगळं काढलं तर साडेपाच किलो भरलं : जास्तीचा शर्ट, जीन्स (जीन्स का घेतली होती?), मोठा टॉर्च, अर्धं जेवण, करवत. गॅसच्या २३० ग्रॅमच्या डब्यातला निम्म्याहून जास्त संपला. कमी पडलेलं : गुडघ्यांचा फोम अजून जाड हवा होता, दोरी अजून १० मीटर, पोर्टेजसाठी जाड तळव्याचे बूट. ड्राय बॅगांवर मी जो खर्च केला त्यातल्या निम्म्यात जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या साध्या बॅगेत घालून काम झालं असतं, फक्त झोपायची बॅग आणि कोरडे कपडे यांनाच चांगली ड्राय बॅग लागते.

आणि ४६ भागिले ५. प्रत्यक्ष ३१ किलोमीटर झाले, ५ पोर्टेज, एक दिवस वाऱ्यात बसून. पुढच्या वेळचा कागद असा केलाय : रोज जास्तीत जास्त ८ किलोमीटर, पोर्टेजचं अंतर तिप्पट करून मोजायचं, दर पाच दिवसांत एक दिवस कोरा सोडायचा, आणि मोठ्या तळ्यावर मुक्काम असेल तर तो अशा बाजूला घ्यायचा जिथून सकाळी काठाकाठाने निघता येईल.

लाईफ जॅकेटचा खिसा शिवला, टाका वाकडा आलाय. पाण्याची ती २० लिटरची बॅग शिवणीजवळ पाझरतेय, पॅच लावायचा राहिलाय.